सिंकमधला बोळा

"वेडा आहे म्हणून कोर्टात सांग, कक," बी ग्योक थोरल्या बहिणीसारख्या शेजारणीला म्हणाली आणि तिच्या दारातच मटकन खाली बसली.

शेजारीण रुसिनाह सांबालच्या चटणीसाठी मिरच्या निवडत होती, तिचे हात थांबले. तोआ पायोह वस्तीतल्या या इमारतीत समोरच्या घरातला ग्योकचा मुलगा कियात तिच्याच अंगाखांद्यावर वाढलेला. त्यानं खालच्या दुकानदाराचा सुऱ्यानं जीव घेतला, तेव्हा पोलिसांना तिनं छातीठोकपणे सांगितलं होतं, पोरगा गुणी आहे, डोक्यानं शाबूत आहे. आता वकील म्हणत होता, आजारानं त्याचा मनावरचा ताबा सुटला होता हे कोर्टाला पटलं, तरच फाशी टळेल. आणि पटवायचं कुणी? एकीनं आजवर लपवलं, दुसरीनं मायेपोटी चांगलंच सांगितलं.

"तूच म्हणायचीस ना गं, परीक्षेचा ताण आहे, झोप होत नाही?" रुसिनाहनं विचारलं.

"म्हणायचे. नाहीतर कोण पोरगी देणार होतं त्याला?"

सिंकच्या नळीतून खालचा दुकानदार आपल्याला शिव्या घालतो, असं म्हणून कियात सिंकमध्ये फडक्याचा बोळा कोंबायचा. पाहुणा यायच्या आत ग्योक तो उपसायची, फडकं धुऊन वाळत घालायची. डॉक्टरकडे मात्र एकदाही नेलं नाही. लोक काय म्हणतील, हीच धास्ती. खून झाला त्या सकाळीही बोळा तिनंच काढला होता, नणंद जेवायला येणार म्हणून. नळी पुन्हा बोलायला लागली आणि पोरगा सुरा घेऊन खाली उतरला.

कोर्टात रुसिनाहनं एकदा अवचित आत गेल्यावर बोळा पाहिल्याचं रडत रडत सांगितलं. मग ग्योकची पाळी आली. आरोपीच्या पिंजऱ्याच्या काचेआडून कियातनं साधंच विचारलं, "आई, मी वेडा आहे?"

न्यायाधीशांनी त्याला गप्प केलं. ग्योकनं मान वर करून त्याच्याकडे बघितलं.

"हो," ती म्हणाली. "केव्हापासूनच. मला माहीत होतं."

फाशी टळली, जन्मठेप झाली. पुढे कितीतरी महिने तो तिला भेटायला तयार होईना. शेवटी एकदा तुरुंगातल्या भेटीच्या खोलीत आला, काचेपलीकडे बसला, फोन कानाला लावला. कशी आहेस नाही, काही नाही.

"बोळा काढलास?"

"नाही रे. आहे तसाच."

घरी आल्यावर ग्योकनं फडकं भिजवलं, पिळलं आणि सिंकमध्ये घट्ट बसवलं. मग खरकटी भांडी उचलून न्हाणीघरात नेली आणि तिथेच घासायला बसली.