भरल्या अंगाचा नवरदेव

मानसिंग सकाळी उठला की सुजेमुळे त्याचे डोळे अर्धे मिटलेले असत. संध्याकाळपर्यंत सूज पावलांत उतरे आणि वहाणांचे पट्टे मांसात रुतत. बावीस वर्षांचा हा मुलगा ओट्यावर बसला की येणारेजाणारे म्हणत, "पाटलांचा थोरला अंगानं चांगला भरलाय." पाटील आनंदराव हे ऐकून मिशीवरून हात फिरवत.

१९२७ सालच्या चैत्रातली गोष्ट. भोरजवळच्या एका गावात आनंदरावांच्या घरी लग्नाची गडबड होती. नवरी वेल्ह्याच्या चिमाजींची ठकू. वय दहा. पापड लाटले जात होते, आणि आनंदरावांची बहीण फुलाबाई गोठ्यात शेण भरत होती. तिचं लग्न नवव्या वर्षी एका खंगलेल्या माणसाशी लावलं होतं आणि वर्ष सरायच्या आत ती विधवा होऊन माहेरी परतली होती. घराणं कुळीचं. विधवेचा पाट लावून तिचं पुन्हा लग्न करणं त्यांच्यात कमीपणाचं. म्हणून तिचे केस चुलीपुढं पांढरे झाले. पापडांना तिचा हात लागू द्यायचा नाही. आजाऱ्याचं भांडं मात्र तिनंच उचलायचं.

महिन्यापूर्वी भोरच्या शरच्चंद्र डॉक्टरांनी मानसिंगला तपासलं होतं. त्याची लघवी काचेच्या नळीत घेऊन त्यांनी दिव्यावर तापवली, आम्लाचे दोन थेंब टाकले. अर्धी नळी नासलेल्या दुधासारखी पांढरी झाली.

"हे रक्तातलं सत्त्व आहे," डॉक्टर आनंदरावांना म्हणाले. "मूत्रपिंडाची गाळणी फाटली की ते असं वाहून जातं. मुलगा भरलेला नाही, सुजलेला आहे. मीठ बंद करा."

"आन् लगीन?"

"लग्नाचं नाव काढू नका. यानं दोन पावसाळे काढले तरी पुष्कळ."

आनंदरावांनी घरी येऊन मीठ बंद केलं आणि लग्न ठरवलं. देवऋषी म्हणाला होता, हळद लागली की सूज उतरेल आणि कोवळ्या पोरीचं आयुष्य नवऱ्याला लागेल. नवरी हे एक औषध होतं. गुण आला तर उत्तम. नाही आला तर रिकामी बाटली फडताळात ठेवतात तसं तिला चुलीपाशी ठेवायचं. यात कुणाला किळस आली नाही.

पण नवरदेवाला भोरचं औषध चालू असल्याची कुणकुण चिमाजींना लागली. ते म्हणाले, "पाव्हनं, माझ्यासमोर एकदा डाक्टरकडनं खात्री करा."

आनंदराव तयार झाले. मुहूर्तमेढ रोवलेली, नवरदेवानं वेस ओलांडायची नाही, असं सांगून त्यांनी मानसिंगला घरी ठेवलं आणि लघवीची बाटली न्यायचं ठरवलं. कुळीच्या घरातला कोणता पुरुष असली बाटली हातात धरणार? ती फुलाबाईच्या पदराखाली आली. आनंदराव आणि चिमाजी बैलगाडीत बसले आणि ती गाडीमागून चालत भोरला गेली.

दवाखान्यात ती उंबऱ्याबाहेर बसली. डॉक्टरांनी नळी तापवली, आम्ल टाकलं. पाणी होतं तसं नितळ राहिलं.

"बगा," आनंदराव चिमाजींना म्हणाले. "सत्त्व का फित्त्व, काई न्हाई. पोरगं खणखणीत हाय."

डॉक्टरांनी नळी उजेडात धरली. "फाटलेली गाळणी महिन्यात शिवली जात नाही, पाटील. ही लघवी मानसिंगची नाही."

"तर काय माजी हाय व्हय?" आनंदराव हसले. चिमाजीही हसले.

डॉक्टरांनी दुसऱ्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात बाटलीतले थेंब टाकले आणि ते उकळलं. निळा रंग हिरवा झाला, पिवळा झाला आणि शेवटी विटेसारखा तांबडा झाला.

"साखर आहे, भरपूर. मानसिंगला नव्हती. हा दुसऱ्याच कुणाचा आजार आहे. बाटली कुणी भरली?"

"त्यांनीच," फुलाबाई दारातून म्हणाली. "गोठ्यामागनं भरून आनली आन् माज्या हातात दिली. तुमचीच हाय ना वो, दादा?"

"तुला कुनी इचारलं गं?" आनंदराव तिच्यावर ओरडले. मग डॉक्टरांकडे वळून हळूच म्हणाले, "साखर मंजी काय? मला काय हुईल?"

मुलाच्या नळीत पांढरा साका बसला तेव्हा त्याला काय होईल, हे या माणसानं विचारलं नव्हतं. खाणं सांभाळलंत तर बरीच वर्षं काढाल, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर त्यांनी सुस्कारा सोडला.

डॉक्टर चिमाजींकडे वळले.

"तुमची मुलगी विधवा होईल," ते म्हणाले.

"कळतंय वो. पर भावकीला आवतनं गेली. आता मोडलं तर धाकट्या पोरी कोन करील? तिचं नशीब."

"नशीब न्हवं ते," फुलाबाई म्हणाली. "तुमी दोगं बसून करताय ते." ती पहिल्यांदाच उंबरा ओलांडून आत आली. "ऐका, चिमाजी. लग्नाच्या दिशी म्या बोहल्याम्होरं येऊन बसनार. अंतरपाट धरायच्या आदी समद्या मांडवानं माजं कपाळ बगायचं."

"तंगडं मोडीन," आनंदराव म्हणाले.

"मोडा. लंगडी रांड बोहल्याम्होरं आली तर कसला शकुन हुतो, ते भटजीला इचारून ठेवा."

चिमाजी उठले. डॉक्टरांची नळी त्यांना उठवू शकली नव्हती. ज्याला मुलीच्या वैधव्याचं भय वाटलं नाही, त्याला विधवेच्या तोंडाचं वाटलं. ते गाडीत न बसता पायी निघाले आणि दुसऱ्या दिवशी लग्न मोडल्याचा निरोप आला. ठकू सुटली.

फुलाबाईला घराचं दार बंद झालं. ती डॉक्टरांच्या घरी दळणकांडण करू लागली. वैशाखात तिच्या कानावर आलं, की आनंदरावांनी वरंध घाटाखालची नऊ वर्षांची साळू शोधली. तिच्या बापाला आजाराची कुणकुण लागली नव्हती, आणि डॉक्टरांचं नाव कुणी काढलं नाही. फुलाबाई लग्न अडवायला तशीच चालत गेली. ती पोहोचली तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या आणि शेवटची पंगत उठत होती.

हळद लागली. सूज उतरली नाही. श्रावणात मानसिंगची लघवी बंद झाली, त्याला झटके आले आणि तो गेला.

साळूच्या बांगड्या फोडल्या तेव्हा ओट्यावर गाव जमला होता. "देवाची मर्जी," लोक म्हणत होते. याच लोकांनी लग्नात पाहिलं होतं, की नवरदेवाचे गुडघे वाकत नाहीत आणि दोघांनी धरून त्याला पाटावर बसवावं लागतं. पाहिलं आणि आणखी बुंदी मागितली. त्या पंगतीला देव बसला नव्हता. आपण बसलो होतो.