चाकांवरचं वजन

“मागे जाऊन बस गं सूनबाई, चाकांवर जरा वजन पडू दे—”

आवाज किती जुना, आणि आला कुठून, तर काचेच्या वाडग्यातल्या पेपरमिंटच्या गोळीतून. शोरूमच्या विक्रेत्यानं वाडगा पुढं सरकवला, घ्या वहिनी म्हणाला. तिनं एक गोळी उचलली, कागद उलगडला, आणि त्या चुरचुर आवाजाबरोबर सासऱ्यांचं वाक्यही उलगडत गेलं. ते अशीच गोळी गालात धरून बोलत. आधी गोळी दातांवर आपटल्याचा टक् असा आवाज, मग वाक्य, मग वाक्यामागून येणारा तो गोडसर, थंड, ओला वास… सासरे गेले त्याला आता बरीच वर्षं झाली, पण वास काही मरत नाहीत. तिनं गोळी तोंडात टाकली नाही. कागदात पुन्हा गुंडाळून मुठीत धरली, आणि मुठीतल्या घामानं ती हळूहळू चिकट व्हायला लागली.

समोर दोन पिकअप उभ्या होत्या, एक पांढरी, एक करडी. दिसायला जुळ्या बहिणी. नवरा दोघींच्या भोवती फिरत होता. बॉनेटवर हात फिरवत होता, मग थोपटत होता, मग तोच हात पॅंटला पुसत होता – आणि ती बघत होती ते त्याच्या बोटांकडे, नखांच्या कडेला कायमच्या बसलेल्या काळ्या ओशट रेघांकडे. ही बोटं सकाळी भाकरी मोडतात. ही बोटं… जाऊ दे.

विक्रेता शिकवल्यासारखा सांगत होता. पांढरीचं इंजिन फक्त मागची दोन चाकं फिरवतं. करडीत गिअरजवळचं हे गोल बटण वळवलं, की पुढची चाकंही ओढायला लागतात. पांढरी नुसती ढकलते दादा, करडी ढकलते आणि ओढतेही. सपाट रस्त्याला दोन्ही सारख्याच, फरक कळतो तो चढावर, चिखलात, आणि गाडी रिकामी असली म्हणजे.

रिकामी असली म्हणजे. तिला हे कुणी सांगायला नको होतं, तिच्या माकडहाडाला ते पाठ होतं. त्यांचा धंदाच उलटा. बाकीच्यांच्या गाड्या भरून चढतात आणि रिकाम्या उतरतात. ह्यांची रोज सकाळी दुधाचे रिकामे कॅन घेऊन डोंगरावरच्या गोठ्यांपर्यंत चढायची आणि भरल्या कॅननिशी खाली डेअरीवर यायची. रिकामी गाडी मागून हलकी. ओल्या मातीच्या वळणावर मागची चाकं जागच्या जागी गरगरत, चिखल उडवत, आणि गाडी कडेकडे सरकायला लागे. म्हणून मागे कुणीतरी बसायचं, अगदी चाकांच्या वर, फळीला पाठ लावून. आधी सासूबाई बसत. मग घरात सून आली.

उतरताना कॅन भरलेले, तेव्हा वजनाची गरज नसे आणि पुढं सासरे बसलेले असत, म्हणून ती पायवाटेनं चालत खाली यायची. पुढं सासरे गेले, पुढची जागा रिकामी झाली. मग उतरताना ती पुढं बसायला लागली, पण चढताना मागेच. त्याबद्दल घरात कुणी काही बोललं नाही. बोलण्यासारखं त्यात काही आहे असं कुणाला वाटलंच नाही, आणि सगळ्यात किळसवाणं हे की बरीच वर्षं तिलाही वाटलं नाही.

आणि तो वास. कॅनमधून निथळलेलं दूध गाडीच्या पन्हळीत साचतं, दुपारच्या उन्हात नासतं, दुसऱ्या दिवशी त्यावर नवं सांडतं. कितीही घासा, पत्रा आपला आंबूसच. तो वास तिच्या कपड्यांत होता, केसांच्या मुळांत होता. शाळेच्या पालकसभेत ती खिडकीकडच्या कडेच्या खुर्चीवर बसायची आणि शेजारची बाई पर्समधून रुमाल काढायला लागली की हिचा जीव गोळा व्हायचा. आत्ता इथं, नव्या रबराच्या आणि अत्तरी फवाऱ्याच्या वासातही तिला तो येत होता. माझाच येतोय, तिला वाटलं. ह्या चकचकीत फरशीवर नासलेलं असं एकच काहीतरी आहे, ती मी.

कित्येक महिने ती करडीसाठी भांडत होती. भांडत म्हणजे काय, जेवताना विषय काढायचा आणि मग गप्प बसून राहायचं, ताटातलं संपेपर्यंत. नवऱ्याची उत्तरं ठरलेली. करडी डिझेल जास्त पिते. पुढच्या चाकांचं ते सगळं यंत्र बिघडलं की इथं कुणाला दुरुस्त करता येतं? मेकॅनिक म्हणाला, चिखल वर्षातनं किती दिवस, त्यासाठी बारा महिने जड गाडी ओढायची का? आणि शेवटी, पाणी पिऊन, मिशा पुसत – इतकी वर्षं चाललंच की.

इतकी वर्षं चाललंच.

“पांढरी घेतलीत तर फक्त एक करा दादा,” विक्रेता म्हणाला, “चढताना मागे वाळूची दोन पोती टाका. मग बघा, हलायची नाही.”

“पोती कशाला?” नवरा म्हणाला. “आमच्याकडं घरचं पोतं आहे. स्वतःच चढतं, स्वतःच उतरतं.”

आणि तो हसला. त्याचं हसू नाकातून सुरू होई, आधी दोन-तीन फुसके श्वास, मग घशात काहीतरी खवळल्यासारखा आवाज, आणि मग समोरच्यानंही हसावं म्हणून त्याच्या तोंडाकडे बघत राहणं. विक्रेता हसला. मग त्याची नजर तिच्याकडे गेली, आणि अर्धं बाहेर आलेलं हसू त्यानं परत आत घेतलं. त्या परक्या माणसाला लाज वाटली, हे तिनं पाहिलं, आणि तिला त्याचीही शिसारी आली.

वाळूची दोन पोती! तिला हे माहीत नव्हतं असं थोडंच होतं. एकदा तिनं विचारलं होतं, मामंजी, मागे वाळू ठेवली तर नाही का चालणार? त्यांनी गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली आणि फार मायेनं, खरंच मायेनं सांगितलं, की वाळू वर पोचल्यावर उतरवायला माणूस लागतं, सूनबाई. माणूस आपलं आपण उतरतं. आणि मी मान हलवली. मला ते पटलं. पटलं म्हणजे – मी फळीला पाठ लावली, पाय पसरले, पदर तोंडावर ओढला, आणि गाडी सुरू झाली. पुढं बसणाऱ्याला वाट येताना दिसते. मला ती नेहमी जाताना दिसली. वळण माझ्या डोळ्यांसमोर वळून झालेलं असायचं, झाड मला दिसायचं ते मागे पडलेलं. तिथं बसल्या बसल्या मी ओळी जुळवायची, कॅन खडखडत त्या ठेक्यावर, आपल्याशीच—

वाट पळे मागं मागं, तिला कशी गं धरावी,
पुढच्यांनी ती बघावी, मागच्यांनी आठवावी.

तिथं कुणी ऐकायला नसायचं. हे एक बरं होतं.

शोरूमच्या मागे मातीचा एक चढ मुद्दाम केलेला होता, पाण्यानं भिजवलेला, गाड्या चालवून बघायला. आधी पांढरी. नवरा एकटाच बसला. ती आणि विक्रेता खाली भिंतीशी उभे राहिले. गाडी निम्म्यापर्यंत झोकात गेली, मग मागची चाकं किंचाळली, चिखलाचे गोळे उडाले, आणि तिची पाठ हळूच एका अंगाला सरकली. नवऱ्यानं खिडकीतून हात बाहेर काढला. मागे वळूनही न बघता दोन बोटं हलवली – ये.

आणि तिचे पाय निघाले.

तिनं ठरवलं नव्हतं, तिनं काहीच ठरवलं नव्हतं, पण पाय दोन बोटांच्या खुणेसरशी चिखलात उतरलेही होते, हातानं कपडे गुडघ्यापर्यंत वर धरलेही होते. “अहो वहिनी, राहू द्या, नवे कपडे आहेत,” असं विक्रेता म्हणाला तेव्हा ती थांबली आणि तिनं खाली पाहिलं. चिखलात रुतलेली ती दोन पावलं. भेगाळलेली, रुंद, शहाणी, गरीब पावलं… कुणाची आहेत ही? जनावर दावणीकडं जातं तशी निघाली की. त्याच्या बोटांची किळस येत होती तोवर बरं होतं. ही तर माझीच होती. तिनं मूठ तोंडाशी नेली, मुठीतली विरघळलेली गोळी ओठांना लागली, आणि तिनं ती तिथंच थुंकल्यासारखी चिखलात टाकली.

मग करडी. ह्या वेळी तिला पुढं बसवलं. विक्रेता खालीच थांबला, म्हणाला, बटण वळवा आणि वहिनींना हिसका तरी बसतो का बघा. नवऱ्यानं बटण वळवलं. गाडीखाली काहीतरी खट्टकन जुळलं, आणि गाडी चढायला लागली – ना घसरणं, ना ओरडणं, सावकाश, खात्रीनं, एखादी बाळंतीण जिना चढते तशी. ह्यासाठीच तर ती इतके महिने मूग गिळून बसली होती. वाट समोरून येत होती. काच स्वच्छ होती. आता तिनं खूश व्हायचं होतं.

पण डाव्या कुशीला वाऱ्याऐवजी दार होतं, आणि उजवीकडे तो होता. उतरताना ती शेजारी असे, पण तेव्हा त्याचं सगळं लक्ष ब्रेकवर; पहिल्यांदाच तिला कळलं की चढताना तो नाकातून गुणगुणतो. दातात लवंग फिरवतो. कॉलरच्या आत मानेवर घामाची एक करडी वळी आहे, ती गाडीबरोबर हलते. गिअर टाकताना त्याच्या कोपराचा ओलसर स्पर्श, एकदा, पुन्हा एकदा. त्यानं तिच्या गुडघ्यावर थाप मारली, मघाशी बॉनेटवर मारली होती तशीच. आणि मग हळूहळू, चढ चढावा तसं, तिच्या ध्यानात आलं, की मागे, त्या आंबूस पत्र्यावर, फळीला पाठ लावून ती बसत होती तेव्हा जगात एवढी एकच जागा होती जिथं तो नव्हता. तिची पाठ त्याच्याकडे असायची. मी महिनोन्‌महिने भांडले, ते कशासाठी? ह्या खुर्चीसाठी. रोज सकाळी, वर पोचेपर्यंत, ह्या गुणगुणण्याच्या शेजारी… पांढरी घ्यावी तर पोतं, आणि करडी घ्यावी तर ही खुर्ची.

वर सपाटीवर त्यानं गाडी थांबवली. इंजिन बंद केलं नाही.

“बरं बाई, जिंकलीस,” तो म्हणाला. “करडीच घेऊ. बस आता राणीसारखी पुढं.”

“मला पुढंही बसायचं नाही.”

“मग काय टपावर बसतेस?” आणि त्याचे ते नाकातले फुसके श्वास सुरू झाले.

“हे असं तुम्ही हसलात ना,” ती म्हणाली, “की मला किळस येते.”

आपण ओरडू असं तिला वाटलं होतं. मनात ती हे कितीदा बोलली होती, कॅन आपटत, दात खात. पण आवाज अगदी साधा निघाला, मीठ संपलंय हे सांगावं तसा. त्याचं हसू थांबलं. हात स्टिअरिंगवरून मांडीवर आले, आणि ती काळ्या रेघांची बोटं त्यानं एकमेकांत अडकवली. कधी नव्हे तो म्हातारा दिसला.

“कधीपासून?” त्यानं विचारलं. खरंच विचारलं.

ती समोरच्या काचेतून बघत राहिली. एवढ्या नासलेल्या थरांखाली, अगदी तळाशी, काहीतरी होतं, ज्याला कसलाच वास नव्हता. तिला रडू येईल असं वाटलं आणि त्याचं तिला नवल वाटलं.

“आपली थोरली पोटात होती तेव्हापासून,” ती म्हणाली. “वरच्या वळणाला गाडी आपटली, मी कॅनवर पडले, त्यांच्या तळाचं नासकं दूध सगळं अंगावर सांडलं. मला उठता येईना. आणि मागच्या काचेतून तुम्ही दोघं बघत होतात, मामंजी आणि तुम्ही, आणि हसत होतात. त्या दिवशी वर पोचल्यावर मी तुम्हाला सांगणार होते, दिवस गेलेत म्हणून. पहिल्यांदा तुम्हालाच. मग नाही सांगितलं. घरी येऊन तुमच्या आईंना सांगितलं… तुम्हाला ते माझ्या तोंडून कळायला हवं होतं हो.”