कुबड्यांचं माप

"पाय नाय मॅडम, ह्या काठ्याच चुकल्यात," म्हणत भिवाने दोन्ही कुबड्या अनुजापुढे धरल्या.

कोपराखाली कडं असलेल्या त्या कुबड्या अनुजानेच लावून दिल्या होत्या. ती दादरहून त्याचे व्यायाम करून घ्यायला यायची. मणक्याच्या ऑपरेशननंतर भिवाचा उजवा पाय ओढला जात होता, पण सगळा दोष त्याने काठ्यांवर टाकला होता आणि बीडीडी चाळीतला अख्खा मजला त्याच्या बाजूने होता. सहा डिसेंबरला शिवाजी पार्कात चाळीच्या मंडळाचा पाण्याचा स्टॉल लागतो. तिथे उभं राहून येणाऱ्याच्या हातात पेला देण्याचं काम तरुणपणापासून भिवाचं. काठ्या जमल्या की येतो, असं त्याने मंडळाच्या रामजीला बजावून ठेवलं होतं.

अनुजाने त्याला गॅलरीत उभं केलं. तो चांगलाच वाकला होता. तिने खाली पाहिलं आणि कपाळावर हात मारला. माप घेतलं तेव्हा तो घरात होता, अनवाणी. त्याच्या बायकोच्या, राधाबाईच्या घरात चपला घालून उभं राहायची कुणाची टाप नव्हती, आणि अनुजालाही ते सुचलं नव्हतं. गॅलरीत मात्र तो जाड तळाच्या सँडल घालून चालायचा.

"बघ, मी काय सांगत होतो," भिवा बायकोला म्हणाला. त्याचा चेहरा इतका खुलला की राधाबाईही हसली.

अनुजाने सँडलसकट माप घेतलं, बटण दाबून नळी एक भोक लांबवली. मूठ मनगटाशी आली, कडं नीट बसलं. भिवा ताठ उभा राहिला आणि ऐटीत निघाला. शेजारच्या दारापर्यंत ठीक गेलं. मग उजवा अंगठा फरशीला घासला, गुडघा गेला. अनुजाने धरलं नसतं तर तो पडलाच असता.

राधाबाईने खुर्ची आणली. भिवा तीत बसला.

"आता माप बरोबर हाय ना?"

"बरोबर आहे, काका."

"मंग?"

अनुजाला खोटं बोलावंसं फार वाटलं. "पायातली ताकद चाललीय, काका. ती परत नाही येणार."

काठ्या चुकलेल्या होत्या तेच बरं होतं, असं राधाबाईला वाटलं. तिला रडू आलं, तशी ती आत गेली.

भिवाने रामजीला फोन लावला. जय भीम झाला.

"पाण्यावर दुसरा मानूस बघ रे."

खुर्ची ठेवतो, बसून दे, असं रामजी म्हणाला.

"नको. पानी बसून देत नाय कोन."

मग दोघं थोडा वेळ इकडचंतिकडचं बोलले. पुढच्या वर्षाचं रामजीने काढलं नाही, आणि भिवानेही नाही.