मार्चची गाडी, एप्रिलची गाडी

हॅलिफॅक्सच्या माल्कमला दोन गोष्टींचा फार अभिमान होता. एक, तीस वर्षं बस चालवली पण कुणाला साधा ओरखडा काढला नाही. आणि दुसरी, जुनी गाडी पारखावी तर त्यानेच. यातली पहिली गोष्ट खरी होती.

गेल्या वर्षी त्याने आणि जावई क्रेगने एकाच दिवशी नायजेलच्या गॅरेजातून दोन जुन्या डिझेल गाड्या घेतल्या. कंपनी तीच, मॉडेल तेच, रंगही तोच राखाडी. माल्कमची गाडी दोन हजार सतराच्या मार्चमध्ये नोंदलेली, क्रेगची एप्रिलमध्ये. नेमका त्याच एप्रिलपासून सरकारने रोड टॅक्सचा नियम बदलला होता. त्यामुळे माल्कमला वर्षाला वीस पौंड भरावे लागत आणि क्रेगला दोनशेच्या घरात. त्यात क्रेगच्या गाडीला मोठी चाकं. माल्कमची गाडी गॅलनला साठ मैलांचं अ‍ॅव्हरेज द्यायची, क्रेगची पन्नाशीही गाठायची नाही.

झालं, माल्कमला रविवारच्या जेवणात तोंडी लावायला कायमचा विषय मिळाला.

“काय पोरा, या आठवड्यात किती डिझेल पाजलंस तुझ्या हत्तीला?”

“मागेल तेवढं,” क्रेग हसून म्हणायचा.

“शेजारी शेजारी उभ्या होत्या दोन्ही! नोंदणीची तारीख तरी बघायची. डोळे काय पबमध्ये ठेवून आला होतास?”

“पुरे हो डॅड,” असं लिंडसी, माल्कमची मुलगी, म्हणायची. पण पाहुणे हसायचे आणि माल्कमला आणखीच चेव चढायचा. उचलली जीभ लावली टाळ्याला! क्रेग गोदामातल्या कामासाठी रोज लीड्सला जायचा-यायचा. माल्कमची धाव जवळच्या बोल्सच्या, म्हणजे हिरवळीवर गोळे घरंगळवायच्या खेळाच्या, मैदानापर्यंत.

परवा शुक्रवारी वर्षाच्या तपासणीसाठी त्याने गाडी नायजेलकडे नेली.

“जावई मिळावा तर असा,” हात पुसत नायजेल म्हणाला.

“कसला जावई! साधी गाडी घेता येत नाही धड.”

नायजेल त्याच्याकडे बघतच राहिला. “म्हणजे अजून बोलला नाही तो? अरे, ही गाडी त्याने आदल्याच दिवशी बुक केली होती. अनामतसुद्धा भरली होती. दुसऱ्या दिवशी तुला घेऊन आला, तर तू हिलाच चिकटलास. बॉनेटमधून डोकं बाहेर काढशील तर शपथ. तेव्हा ऑफिसात येऊन मला म्हणाला, ‘ही त्यांनाच दे, पेन्शनवर आहेत. मी शेजारची घेतो. त्यांना काही सांगू नकोस.’”

माल्कमचे कान तापले. त्या दिवशी आपण कशी झडप घातली, हे त्याने सगळ्या गल्लीला सांगितलं होतं. एक अख्खं वर्ष, भरल्या ताटावरून, तो त्या पोराची खिल्ली उडवत होता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन त्याने ठरवलं, ज्यांच्यासमोर त्याला हसलो त्यांच्यासमोरच सांगायचं आणि गाडीची किल्ली क्रेगच्या हातावर ठेवायची.

रविवारी टेबलावर बीफ आलं, बटाटे आले.

“काय रे, आज हत्तीची चौकशी नाही?” त्याचा मेव्हणा बॅरी म्हणाला.

माल्कमने काटा खाली ठेवला. खिशातली किल्ली मुठीत धरली. “क्रेग, मी शुक्रवारी नायजेलकडे गेलो होतो...”

क्रेगने पटकन वर पाहिलं. क्षणभर दोघांची नजर भिडली, आणि क्रेगला सगळं कळलं.

“मग? तुमच्या गाडीचं कौतुक करत असेल तो!” तो घाईघाईने म्हणाला. “काय करणार बॅरी, पारख लागते. ती माल्कमकडे आहे, माझ्याकडे नाही.”

सगळे माल्कमकडे बघू लागले. एक वाक्य पुरे होतं. नुसतं ‘तसं नाही’ म्हटलं असतं तरी चाललं असतं.

“पाय जरा हलका ठेवत जा, पोरा,” माल्कम म्हणाला, “म्हणजे अ‍ॅव्हरेज वाढेल.”

टेबलावर हशा पिकला. सगळ्यांत मोठ्याने क्रेग हसला, आणि त्याने सासऱ्याच्या ताटात आणखी थोडी ग्रेव्ही वाढली. माल्कमला स्वतःची किळस आली. त्याने किल्ली सोडली, काटा उचलला आणि मान खाली घालून जेवू लागला.