दार लावल्यावर दिवा

वायरमनला निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, पण गल्लीत कुणाचा दिवा लुकलुकला तरी हाक त्यालाच यायची. "आता सोडलं हो मी ते सगळं," असं म्हणत म्हणत तो चपला शोधायचा. अशा माणसाच्या स्वतःच्या कॅराव्हॅनमध्ये फ्रीजचा दिवा बिघडावा! गल्लीला पत्ता लागू नये म्हणून तीन दिवस तो गाडीच्या खिडक्यांचे पडदे ओढून काम करत होता.

गाडी जुनीच घेतलेली. आत दोन बाकं, एक शेगडी, गुडघ्याएवढा फ्रीज आणि पाय पसरले की भिंतीला लागतील असा पलंग. लेकीला मुलगी झाली होती. नातीला बघायला दोन दिवसांचा रस्ता, मुक्काम गाडीतच, असा बेत होता. पण रोज सकाळी पाहावं तर बॅटरीनं मान टाकलेली; दिवा लागेल एवढाच जीव उरलेला, इंजिन काही सुरू होईना. फ्रीजचा दिवा बंद दाराआड जळतच राहत असणार, असा वायरमनचा संशय. पण तो पक्का कसा करायचा? दार उघडलं की दिवा लागलेलाच दिसणार. त्याचं कामच ते.

चौकटीतलं बटण बोटानं दाबलं की दिवा मुकाट्यानं विझत होता. म्हणजे बटण निर्दोष. त्यानं फ्यूज बदलला, होल्डर घासला, मीटर लावून वायर वीतवीत तपासली. सगळं ठणठणीत.

"अहो, बल्बच काढून ठेवा ना," बायको म्हणाली. "दूध काय अंधारात सापडत नाही?"

"पस्तीस वर्षं खांबावर चढलेल्या माणसानं बल्ब काढून वेळ मारून नेली, असं ऐकून घेऊ?"

"ऐकवणार कोण? मी आणि दूध?"

"बिघाड सापडल्याशिवाय गाडी हलणार नाही."

"मग बारा वाजता मी हलते. सव्वाबाराच्या बसचं तिकीट काढलंय. तुम्ही आणि तुमचा दिवा बसा संसार करत."

वायरमननं मनात हिशेब केला. म्हणजे नातीला आधी ही घेणार, आणि 'हे कुठे राहिले?' असं व्याह्यांनी विचारलं की उत्तरही हीच देणार. मीठमसाला लावून. घड्याळात सव्वादहा वाजले होते.

बायकोनं चूक दाखवलेली मात्र त्याला खपत नसे. मागे तो इस्त्री उघडून बसला होता, तेव्हा "प्लग लावलाय का?" एवढंच ती म्हणाली होती. प्लग लावलेला नव्हता. पुढचे दोन दिवस त्यानं जेवताना मीठसुद्धा बोटानं दाखवून मागितलं.

आणि मग त्याला युक्ती सुचली. त्यानं स्वतःचा मोबाइल व्हिडिओवर लावला, दुधाच्या पिशवीला टेकवून फ्रीजमध्ये उभा केला, दार लावलं आणि बॅटरीची जोडणी बघायला बाहेर गेला. दहा मिनिटांनी परतला, गारठलेला मोबाइल पँटवर पुसला आणि बाकावर बसून व्हिडिओ लावला.

दार बंद, आणि आत लख्ख उजेड! लोणी, टोमॅटो, दूध, सगळी मंडळी फोटो काढून घ्यायला बसल्यासारखी. संशय खरा होता. वायरमननं मांडीवर थाप मारली. तेवढ्यात व्हिडिओत दार उघडलं, बायकोचा हात दुधाकडे आला आणि पाठोपाठ तिचा आवाज.

"नाही गं राणी, कुठली बस? तिकीटबिकीट काही काढलेलं नाही. मुदत दिली नाही तर हे महिनाभर स्क्रू काढत बसतील. मला यायचंय ते ह्यांच्याबरोबरच, ह्याच डबड्यातून… अगं, बिघाड कसला! दार खडखडतं म्हणून ह्यांनीच गेल्या आठवड्यात चौकटीला फेल्टची जाड पट्टी चिकटवली. दार टेकतं पट्टीवर, बटणापर्यंत पोचतंय कुठं? मी सांगितलं तर दोन दिवस फुगून बसतील, आणि मग गाडी कोण चालवणार? सापडेल त्यांचं त्यांना. हुशार आहेत. जरा उशिरा आहेत, पण आहेत."

वायरमननं कानाच्या पाळीपर्यंत लाल होऊन पट्टी ओढून काढली. दार लावून पुन्हा मोबाइल आत ठेवला. या वेळी व्हिडिओत नुसता अंधार.

"सापडलं!" तो दारातून ओरडला. "दोष विजेचा नव्हताच. पट्टीमुळे दार बटणाला टेकत नव्हतं."

"अगं बाई! पट्टीमुळे?" बायकोनं गालावर हात ठेवला. "माझ्या तर स्वप्नातही आलं नसतं."

"त्याला नजर असावी लागते," वायरमन म्हणाला. "तुझ्या तिकिटाचं काय?"

"करते रद्द."

दोघांपैकी कुणीही हसलं नाही. शेजाऱ्याच्या बॅटरीवरून वायर जोडून गाडीची बॅटरी जागी केली आणि साडेअकराला पडदे उघडून, हॉर्न वाजवत गाडी गल्लीतून निघाली.

पेट्रोल पंपावर लेकीचा फोन आला. "बाबा, निघालात का? आईचा फोन काल संध्याकाळपासून बंद लागतोय."

"बंद? अगं, सकाळी बोललीस ना तिच्याशी?"

"छे! कधी?"

फोन ठेवून वायरमननं शेजारी पाहिलं. बायको खिडकीबाहेर हवा भरायचं यंत्र फार लक्ष देऊन बघत होती.

"तुझा फोन बंद आहे म्हणते लेक."

"असणारच. गाडीतच चार्जिंगला लावला होता. गाडीचीच बॅटरी उतरलेली, तो कुठून भरणार?"

वायरमननं गाडी सुरू केली. रुसायला दोन दिवस लागतात, आणि नातीपर्यंतचा रस्ताही नेमका तेवढाच होता. एक वळण त्यानं रुसून पाहिलं. दुसऱ्या वळणावर त्याच्या मिशा हलायला लागल्या.

"एवढं सगळं केलंस," तो म्हणाला, "तर व्हिडिओत तोंड तरी दाखवायचं होतंस."

"केस विंचरले नव्हते," ती म्हणाली. "म्हणून नुसता हात पुढे केला."