चौथी तात

"हात लावू नका, अजून वली हाय," केवळाबाई म्हणाली, आणि दिनकररावांचा पुढे आलेला हात जागीच थांबला.

बाभळीच्या दोन खुंटांमध्ये ताणलेली तात वैशाखाच्या उन्हात वाळत होती. दिनकरराव येलदरीच्या धरणावर ओव्हरसियर होते. सकाळपासूनची त्यांची ही तिसरी खेप.

"उद्या दिवस मावळता कार्यक्रम हाय, केवळाबाई. नवी तात ढिली पडत राहते म्हणं, म्हणून मॅडमला आजच पाहिजे."

"उन्हं उतरली की न्या."

वीजघराची यंत्रं बसवायला परदेशातून जो इंजिनिअर आला होता, त्याची बायको ही मॅडम. दोन गुडघ्यांत धरून गजानं वाजवायचं एक मोठं वाद्य तिच्याजवळ होतं. अडीचशे वर्षांपूर्वी तिकडच्या सरदारांच्या दिवाणखान्यात जे संगीत वाजायचं, ते त्याच घडणीच्या वाद्यांवर वाजवायचं, हा तिचा नेम. त्यामुळे लोखंडी तार तिला चालत नसे; मेंढीच्या आतड्याची तातच लागे. यंदाच्या उन्हाळ्यानं वाद्याच्या चार तातींपैकी चौथी, सगळ्यात खालच्या सुराची, तुटली, जपून ठेवलेली जादाची तातही तुटली. टपालानं मागवावी तर दोन महिने लागणार, आणि आठ दिवसांनी नवराबायको कायमचे परत निघालेले. धरणाच्या कॅम्पातल्या लोकांनी दोन वर्षं तिचं वाजवणं बंद दारामागून ऐकलं होतं. जाण्याआधी एकदा समोर बसून ऐकू द्या, अशी त्यांनीच गळ घातली होती.

तेव्हा दिनकररावांना केवळाबाई आठवली. पूर्णेच्या काठची मेंढरंवाल्यांची वस्ती, आणि तिथं पिंजाऱ्यांच्या कापूस पिंजायच्या पिंजणासाठी तात वळणारी ही एकच बाई उरलेली. सासऱ्याच्या हाताखाली ती शिकली होती. आतडं राखेच्या पाण्यात भिजवायचं, बांबूच्या कामटीनं खरवडायचं, पदर जुळवून पीळ द्यायचा. गावोगाव पिंजायची यंत्रं आली तसं गिऱ्हाईक आटलं, पण तिची तात कधी कुणी परत आणली नव्हती.

एक गोष्ट मात्र कुणाला ठाऊक नव्हती. दोन वर्षांपासून केवळाबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता. आता माणूस दिसे तो धुरातून आल्यासारखा. काम चालायचं ते बोटांवर. आणि या तातीवर, एका टोकाकडून वीतभर अंतरावर, घासताना तिचं बोट किंचित अडखळलं होतं. कामटी लागली असेल का? पुन्हा चाचपलं तर काहीच लागलं नाही. तिसऱ्यांदा लागल्यासारखं वाटलं. सांगावं तर लोक विचारणार, दिसलं कसं नाही? मग लेक येडबा कामटी हातातून काढून घेणार. बसून भाकर खाणारी म्हातारी व्हायचं तिच्या जिवावर आलं होतं.

उन्हं उतरली. दिनकररावांनी तात फडक्यात गुंडाळून नेली. केवळाबाई रिकामे खुंट चाचपत राहिली.

दुसऱ्या दिवशी मॅडमनं कार्यक्रम ऐकायला बोलावलं म्हणून जीप तिलाच न्यायला आली. सोबत सून कासाबाई निघाली. वाटभर कासाबाई बोलत होती. केवळाबाई मात्र अंगठ्यानं बोटाचं टोक चोळत होती.

कॅम्पाच्या क्लबात सतरंज्या अंथरल्या होत्या. पुढे तिघं बसलेले: मॅडम, लाकडी बासरी घेतलेला तिचा नवरा, आणि फिडल घेऊन नकाशा-ऑफिसातला गोव्याचा मिंगेल. मॅडम वाद्य लावत होती. चौथी तात उतरायची, मॅडम खुंटी पिळायची. पुन्हा उतरायची, पुन्हा पिळायची. प्रत्येक पिळाची करकर केवळाबाई कान देऊन ऐकत होती. आता तुटल. भरल्या माणसांत तुटल. दुसरी तात कुठून आणणार ती बाई?

ती उठली.

"आत्याबाई, कुठं निघालाव?" कासाबाईनं पदर धरला.

"दिनकरराव," केवळाबाई म्हणाली, "मॅडमला सांगा, त्या तातीत खोट हाय."

दिनकरराव जवळ आले. "काल का नाही सांगितलं?"

"मला पक्कं कळंना."

"म्हंजे? डोळ्यांनी बघून कळत न्हाई का?"

"दिसत न्हाई मला," ती म्हणाली. "दोन वर्सं झाली."

कासाबाईचा हात पदरावरून गळाला.

दिनकररावांनी खालच्या आवाजात मॅडमला सगळं सांगितलं. मॅडम उठली. वाद्य घेऊन ती केवळाबाईजवळ आली, खाली बसली, आणि तिचं बोट धरून तातीवर ठेवलं. केवळाबाईनं बोट हळूहळू वर सरकवलं. खुंटीच्या अलीकडे ते थांबलं.

"हितं."

मॅडमनं तिथं आपलं बोट फिरवलं. डोळे मिटून फिरवलं. मग मान डोलावली.

तात हातभर जादा लांब होती. मॅडमनं ती उतरवली, सरकवून पुन्हा बांधली, आणि खोटीची जागा खुंटीच्या वेढ्यात गुंडाळून टाकली. पण बसलेला ताण गेला तो गेलाच. मिंगेलनं मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. "आता ही टिकेल कशी?" तो म्हणाला. मॅडमनं गज उचलला.

काय वाजलं ते कुणी विचारलं असतं तर केवळाबाईला सांगता आलं नसतं. बासरी पाखरासारखी वर गेली, फिडल तिच्या मागं. केवळाबाई मात्र खालचा एकच आवाज धरून बसली होती, मेंढरं परतताना एखादी दुखणाईत मेंढी नजरेनं धरून ठेवावी तसा. एका संथ चिजेत तो आवाज घसरला. मॅडमचं बोट दाबून दाबून त्याला वर धरत राहिलं. चीज संपल्यावर ती थांबली, खुंटी पिळली, पुढची चीज धरली. असं चारदा झालं. तात तुटली नाही.

टाळ्या वाजल्या तेव्हा केवळाबाईनं धरून ठेवलेली सतरंजीची कड सोडली.

मॅडम तिच्याकडे आली. "चांगली," ती मराठीत म्हणाली, आणि पुढचं दिनकररावांना सांगितलं.

"जायच्या आत अजून चार ताती पाहिजेत म्हणतात. जमल का?"

केवळाबाईनं कासाबाईला पुढं ओढलं. मग म्हणाली, "हिला सांगा. माझ्या सुनंला. पीळ मी बोटानं बघंन, पण खरवडायला डोळे लागतेत."

"मला कुठं येतंय, आत्याबाई?"

"उद्या बस माझ्याजवळ."

बाहेर दिवस मावळला होता. पूर्णेकडून वारा येत होता. क्लबच्या ओट्याच्या कडेला केवळाबाई थांबली. मागची माणसं बाजूनं उतरून जात होती.

"कासे, पायऱ्या किती हायत?"

"पाच."

केवळाबाईनं हात पुढं केला. कासाबाईनं तो धरला, आणि पहिली पायरी आली तसं हळूच म्हणाली, "एक."