ऑखनेर थिसलचा शेवटचा गोल

आमच्या ऑखनेरची कोळशाची खाण बंद पडली आणि दोनच वर्षांत ऑखनेर थिसल हा आमचा फुटबॉल क्लबही आटोपला. खेळणारी पोरं कामाच्या शोधात दक्षिणेला पांगली. १९६६च्या एप्रिलमधल्या शेवटच्या सामन्याला आमचे नऊच जण उतरले. समोर शेजारच्या किलडर्नो गावाचा संघ. त्यांच्या कप्तानाला आमची दया आली असावी. त्यानं आपले दोन राखीव खेळाडू आम्हाला उसने दिले. तरी आम्ही सहा-एक असे हरलो. तो एक गोल उसन्या रॅब हॅडोचा. आणि किलडर्नोचा गोलकीपर होता त्याचाच थोरला भाऊ, आर्ची.

पोस्टातून निवृत्त झाल्यावर मी क्लबचा इतिहास लिहायला घेतला आणि रॅबकडे गेलो. तोवर त्यानं सत्तरी ओलांडली होती.

"माझं नाव नको घालूस," चहा ओतता ओतता तो म्हणाला.

"का रे? गोल तुझाच ना?"

"माझा कसला! आर्चीनं सोडला तो. मला कधी कोणी संघात घ्यायचं नाही, म्हणून धाकट्याला खूश केलं त्यानं."

"तो म्हणाला तसं?"

"मी कधी विचारलंच नाही."

दोघांची घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर. दर रविवारी एकत्र जेवायचे. कबुतरांबद्दल बोलायचे, गुडघ्यांबद्दल बोलायचे. याबद्दल कधीच नाही.

मी तसाच आर्चीकडे गेलो. तो परसात कांद्याचा वाफा खुरपत होता. ऐकून लालबुंद झाला.

"सोडला? मी?" त्यानं खुरपं फेकलं आणि चिखलाच्या बुटांनीच निघाला. मी मागोमाग.

रॅबच्या स्वयंपाकघरात शिरून त्यानं बाही वर सारली. "हे बघ, गाढवा! झेप घेतली तेव्हा खांबावर आपटून कोपर फुटलं माझं. सोडणारा माणूस कोपर फोडून घेतो का?"

रॅबनं चष्मा लावला. कोपरावरचा जुना व्रण जवळून निरखला.

"मग तेव्हा का नाही बोललास?"

"काय बोलणार? धाकट्या भावानं गोल मारला. आठवडाभर सगळे मला हसत होते. रागच आला होता तुझा."

"आणि नंतर?"

आर्ची खुर्चीत बसला. "नंतर अभिमान वाटायला लागला. ते सांगणं तर आणखी अवघड."

रॅब आमच्याकडे पाठ करून किटलीशी उभा राहिला. किटली भरलेलीच होती, तरी त्यानं नळ सोडला.

"घाल नाव," तो मला म्हणाला. "आणि स्पेलिंग नीट लिही. मधे दोन डी येतात."

मी निघालो तेव्हा आर्ची बूट काढून सूप प्यायला बसला होता आणि चेंडू डाव्या पायानं मारला की उजव्या, यावर दोघांची जुंपली होती.